मनाली की पाचगणी? कामथडीच्या कुंपणावरचा निकाल

"आवो बाई, ऐकलंत का? आमची समदी पलटण डोंगर बघायला निघालीया!"

घेवड्याच्या वेलाआडून अक्का बोलल्या आणि माझ्या हातातली झारी तशीच राहिली. आमच्या दोन परड्यांच्या मधे तारेचं कुंपण आहे. त्यावर दर पावसाळ्यात घेवडा चढतो. शेंगा तिकडच्या त्यांच्या, इकडच्या माझ्या, आणि बातम्या दोघींच्या.

"डोंगर बघायला? अक्का, मान वर केली की दिसतोय की!"

"त्येच तर म्हंते मी. पर थोरल्याचं म्हननं, ह्यो डोंगर न्हवं. डोंगर पायजे, वर बाजार पायजे, हाटेलं पायजेत, गजबज पायजे, आन दिवसा कायतरी धाडस कराया मिळालं पायजे. उडायचं, चढायचं, दोरीला लोंबकळायचं. पैसं देऊन!"

ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या तात्यांनी पेपर खाली केला नाही, पण बोलले. "लोंबकळायचं असंल तर भाताच्या कापणीला या म्हनावं. पैसं मी देतो."

कामथडी म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाटा आणि कापूरहोळ यांच्या मधलं आमचं गाव. हायवेच्या कडेला राहणाऱ्याला जगाच्या सुट्ट्या कॅलेंडर न बघता कळतात. शनिवारची पहाट उजाडायच्या आत पाठीवर सॅक लावलेली पोरं घेऊन मिनी बस नसरापूर फाट्याला आत वळतात, की समजायचं राजगड-तोरण्याचा हंगाम लागला. कापूरहोळला डावीकडं गाड्यांची रांग लागली की नारायणपूरला किंवा केतकावळ्याच्या बालाजीला गर्दी आहे. उजवीकडं लागली की ती भोरची. आणि रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर सगळे एकत्र भेटतात. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला राजगड आणि तोरणा, दक्षिणेला भोरच्या मागं रोहिडा आणि रायरेश्वर. असल्या गावातून माणसं डोंगर शोधायला बाहेर पडणार, म्हटल्यावर कुंपणाशी टेकणं भागच होतं.

"मग ठरलं काय?" मी विचारलं.

"ठरतंय कुठं! फोनवर रोज येक गाव टाकत्यात. मनाली, लेह, ते बीर का काय, पाचगणी. थोरल्याला उडायचंय. सूनबाईला बाजार आन कॉफी. भाच्याला चढायचंय, त्यो तर पायात स्प्रिंग घालूनच जलमलाय. नातवाला घोडा. सोलापूरच्या विहीणबाईंचं गुडघं दुखत्यात, तरी त्यास्नी यायचंय. आन आमच्या ह्यांचं बीपी."

"माझं बीपी नीट हाये," पेपराआडून आवाज आला. "फकस्त खर्चाचा आकडा ऐकला की चढतं."

आता खरी गंमत मनालीपासून सुरू झाली. आमच्या वरच्या आळीतली एक मंडळी मे महिन्यात मनालीला जाऊन आली, आणि तिथून आल्यापासून त्यांच्या घरी गेलं की चहाआधी फोटो येतात. अक्कांनी ते सगळे पाहिले होते.

"फोटोत बरफ हाय, बाई. पर मी इचारलं खोदून. भाड्याचा कोट, भाड्याचं बूट, चार तास गाडीत आन अर्धा तास बरफात. खाली आल्यावर कोट परत दिला, बूट परत दिलं. ह्येला धाडस म्हंत्यात? अशानं तर म्या रोज बाजाराला जाते ते धाडसच हाय. यष्टीत उभी असते मी."

मी मनालीची बाजू घेतली, कारण ती घ्यायलाच हवी होती. मे महिन्यात सगळा देश एकाच रस्त्यावर उतरला तर त्यात गावाचा काय दोष? मनाली बियासच्या काठी सुमारे २,००० मीटरवर आहे. वर रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. तिकडं रोज ठरावीकच गाड्या सोडतात, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, आणि परवाना आधी काढावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरचा. तेव्हापासून खिंड न चढताही लाहौलात उतरता येतं. पण बोगद्यापलीकडं बर्फ दिसतो हे कळल्यावर सगळ्या गाड्यांनी तिकडं तोंड वळवलं. सोलंगच्या उतारावर जानेवारी-फेब्रुवारीत स्कीइंग, एरवी पॅराग्लायडिंग. आणि गावात १९६१ पासून गिर्यारोहणाची सरकारी संस्था आहे. तिथला बेसिक कोर्स सव्वीस दिवसांचा.

"सव्वीस?" अक्का म्हणाल्या. "थोरल्याला पाच दिवसाची रजा मिळती, ती बी लॅपटॉप संगं घेऊन."

"म्हणजे थोरल्याला मनाली नाही, भाच्याला आहे," मी म्हटलं. "मनालीला दोन गिऱ्हाइकं. एक फोटोला जाणारं, एक शिकायला जाणारं. पहिल्याला गर्दी मिळते, दुसऱ्याला डोंगर."

"आन पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात नकोच. १५ जुलै ते १५ सप्टेंबर तिकडं पॅराग्लायडिंग, राफ्टिंग सगळं बंद ठेवतात. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला तेव्हा कुलू-मनालीचा रस्ताच नदीनं नेला. माणसं हॉटेलात अडकून पडली."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. रस्ता नदीनं नेला म्हटल्यावर त्यांना रस वाटला. आमच्या भागातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं. वरंध घाट दर पावसाळ्यात कधी दरडीनं, कधी खचल्यानं बंद होतो, आणि भोरहून महाडला जायचं तर वळसा पडतो.

"डोंगरातलं गाव पसंत करायचं तर आधी रस्ता बघायचा," तात्या म्हणाले. "हाटेल मागनं."

हा पहिला ठराव. सूचक तात्या, अनुमोदक मी.

लेहचा प्रश्न फार वेळ टिकला नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानानं थेट उतरलं तर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहावं लागतं, शरीराला विरळ हवेची सवय होईपर्यंत. बीपीवाल्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटही काढू नये.

"दोन दिस खोलीत पडायचं तर हितंच पडंल की," अक्का म्हणाल्या. "हितली खाट फुकाट हाय."

लेह बाद.

बीर मात्र भाच्यानं जोर लावून मांडलं होतं. हिमाचलातच कांगडा जिल्ह्यात बीर हे गाव आणि वर बिलिंग ही उडायची जागा, सुमारे २,४०० मीटरवर. बिलिंगवरून उडायचं, बीरला उतरायचं. २०१५ मध्ये तिथं पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. ऑक्टोबरची हवा उत्तम. गाव लहान, तिबेटी वसाहत, मठ, छोटी हाटेलं, आणि संध्याकाळी उडून आलेली आणि उद्या उडणारी मंडळी एकाच टेबलावर. मला हे गाव कागदावर तरी आवडलं.

"पर विहीणबाई काय करतील तिथं?" अक्कांनी विचारलं.

"मठात बसतील."

"त्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळात तासभर बसत्यात, ते गुडघं दुखत्यात म्हनून. मठात बसाया दोन हजार किलोमीटर कशाला?"

आणि इथं अक्कांनी जे विचारलं त्यानं माझं सगळं ज्ञान बाजूला पडलं. "बाई, मला येक सांगा. उडनारा किती येळ उडतो?"

"वीस मिनिटं. फार तर अर्धा तास."

"आन दिवस किती तासाचा? मग बाकीचं साडेतेवीस तास कुनासाठी?"

बघा, पर्यटनाच्या जाहिरातीत हे गणित कुणी मांडत नाही. साहस तासाभराचं, सुट्टी चार दिवसांची. धाडस डोंगरावर होतं, पण सुट्टी गावात जाते. जो चढतो त्याला कुठलाही डोंगर चालतो. जो खाली थांबतो, त्याच्यावरून गाव ठरवावं लागतं.

"म्हणजे अक्का, गाव कुणाला विचारून ठरवायचं?"

"विहीणबाईंच्या गुडघ्याला!"

हा दुसरा ठराव, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

मग ओघानं पाचगणी आली. आमच्यापासून दोनेक तासांवर. खंबाटकीचा घाट चढायचा, सुरूर फाट्याला उजवीकडं वळायचं, वाई, पसरणीचा घाट, की पाचगणी. अक्कांची एक जाऊ वाईला दिलेली, त्यामुळं त्या बाजूची माहिती आमच्याकडं ताजी असते. जावेचं म्हणणं, नाताळ ते एक जानेवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाऊ नये, गेलं तर घाटातच नवीन वर्ष उजाडतं.

पण नाताळ सोडला तर पाचगणीत गुडघ्यांची सोय आहे. टेबललँडचं पठार सपाट आहे, गाडी जवळ जाते, वर नातवाला घोडा. बाजार चालत फिरता येईल एवढा. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी. पठाराच्या कड्यावरून वारा बरोबर असेल तर पॅराग्लायडिंग, म्हणजे थोरल्याची पण सोय. आणि १९ किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथं वेण्णा तलावात होडी, जंगलातल्या पायवाटा. खाली वाईला कृष्णेचा घाट आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. एकाच मुक्कामात उडणारा, चालणारा, बसणारा आणि खाणारा असे चौघे चार दिशांना जाऊ शकतात आणि संध्याकाळी परत एका ताटावर येतात.

"वाऱ्याचं काय म्हनालात?" तात्यांनी विचारलं.

"वारा चुकीचा असेल तर उडवत नाहीत. चांगला माणूस असेल तर तो स्वतःच नाही म्हणतो."

"आन वाईट असंल तर?"

"तर पैसे घेऊन उडवतो. म्हणून आधी विचारायचं, नोंदणी आहे का. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, जमिनीवरचं, पाण्यातलं, हवेतलं, तिन्ही. हा धंदा करणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असते. कागद दाखवा म्हटलं की अर्ध्यांची तोंडं पडतात."

"आमच्या रेशनच्या दुकानात बी तसंच हाय," अक्का म्हणाल्या. विषय थोडा वेळ रेशनच्या दुकानाकडं गेला. तो मी इथं देत नाही.

खरं म्हणजे सुट्टीतल्या धाडसात माणसं मरतात ती डोंगरामुळं कमी, आणि आपण काय करतोय याचा अंदाज नसल्यामुळं जास्त. जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर पाऊस वाढला आणि लोंढा आला. अशा वेळी धावून जातात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी किंवा महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी स्थानिक पोरं, आपापली नोकरी-धंदा सोडून, दोर खांद्यावर टाकून. गाव निवडताना तिथं अशी पथकं आहेत का, सरकारी दवाखाना किती लांब, गाडी किती वाजेपर्यंत मिळते, हे बघायला पाहिजे. हाटेलाच्या खोलीतून दरी दिसते का, हे सगळे बघतात.

हा तिसरा ठराव. मंजूर, एकमतानं.

आता इथपर्यंत मी एक नाव पोटात ठेवलं होतं, पण शेवटी तोंड उघडलंच. "अक्का, भोर का नको?"

अक्का हसल्या. "भोर? आवो, भोरला आपन तहसीलदारासमोर उभं राहाया जातो. सुट्टीला कोन जातं?"

हेच आपलं दुखणं. सातबारा काढायला जिथं जातो, ते गाव सुट्टीचं वाटत नाही. पण पुण्या-मुंबईचं माणूस याच भोरला फोटो काढायला येतं. वाटेत नेकलेस पॉइंटला नदीचं वळण बघायला गाड्या थांबतात. भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे, सिनेमावाले तिथं शूटिंगला येतात. भाटघरचं धरण आहे, इंग्रजांच्या वेळचं. पलीकडं आंबवड्याला झुलता पूल. आणि डोंगर म्हणाल तर मोजायला बोटं पुरत नाहीत.

"बाजारवाडीतून रोहिडा," मी सुरू केलं. "सकाळी चढलं तर दुपारच्या जेवणाला खाली. पहिल्यांदा चढणाऱ्यासाठी हाच गड. ज्या बांदलांच्या देशमुखीत बाजीप्रभू होते, त्यांचा हा गड, आणि बाजीप्रभूंचं शिंद गाव याच तालुक्यात. रायरेश्वरला तर गाडी बरीच वर जाते. शेवटी लोखंडी शिडी. ती चढली की वर पठार, आणि पठारावर जंगमांची घरं. देवळापाशी १६४५ च्या शपथेची गोष्ट सांगतात. भाद्रपदात सोनकीनं सगळं पठार पिवळं होतं. जंगमांच्या घरी चुलीवरचं जेवण मिळतं, आधी सांगून ठेवलं तर."

"शिडी विहीणबाईंना जमंल का?"

"शिडी उभी आहे, अक्का. खोटं कशाला सांगू? विहीणबाई खाली गाडीपाशी थांबतील, नाहीतर त्या दिवशी नसरापूरच्या बनेश्वराला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ, गर्द झाडी, कुंडात मासे, सपाट वाट. गुडघ्याला काही होत नाही."

"पुरंदर?"

"पुरंदरला गाडी वरपर्यंत जाते. लष्कराचा ताबा आहे, ओळखपत्र दाखवावं लागतं आणि संध्याकाळी वेळेत खाली उतरायचं. संभाजी महाराजांचा जन्म तिथला, १६५७ चा. तात्यांना घेऊन जा."

तात्या म्हणाले, "मला घेऊन जायाची गरज न्हाय. मी पोरगा असताना चालत गेलतो."

भाच्यासाठी मात्र राजगडच. आमच्या वेल्ह्यातला, म्हणजे आता राजगड तालुक्यातला. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे. शेजारचा तोरणा नाही. तोरणा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १,४०३ मीटर, आणि स्वराज्याचं तोरण लागलं ते त्याच्यावर. तरी तो यादीत नाही, हे वेल्ह्यातल्या माणसांना अजून पचलेलं नाही. तो विषय काढला की राजगडवाले आणि तोरण्यावाले, दोघंही बरोबर बोलतात, तेव्हा मी तो काढत नाही. आता निघालाच आहे तर एवढंच म्हणते, यादीत नसल्यामुळं तोरण्यावर गर्दी कमी असते, हा तोरण्याचा फायदाच आहे.

राजगडाला पंचवीसेक वर्षं महाराजांची राजधानी होती. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट आहे. आधी जंगल, मग उघडा दांड, आणि शेवटी कातळाचा एक टप्पा, तिथं लोखंडी कठडे लावलेत. ते धरूनच वर सरकायचं. हात तापलेल्या लोखंडाला चिकटतात, खाली बघायचं नसतं, आणि मागचा माणूस "ताई, पुढं चला ना" करत असतो. मग एक ठेंगणा दरवाजा. त्यातनं वाकूनच जावं लागतं, कितीही मोठा माणूस असला तरी. आत शिरलं की समोर पद्मावतीचं तळं. इतकी अंगावर येणारी वाट संपते आणि एकदम पाणी. हे पैसे देऊन उडण्यात नाही मिळत.

"तुम्ही अशा सांगताय की आत्ता जाऊन आलाय," अक्का म्हणाल्या.

"शाळेची सहल नेत होते मी. चोर दरवाजानं नव्हे, पाली दरवाजानं, पोरं असली की पायऱ्यांची वाट बरी. माझा एक विद्यार्थी आता गुंजवण्यात ट्रेकरना जेवण देतो. पिठलं, भाकरी, ठेचा. तो सांगतो, पुण्यातली माणसं दहा रुपयांसाठी घासाघीस करतात आणि खाली उतरताना तीनशे रुपयांची कॉफी पितात."

"आन कचरा कोन उचलतं?"

"तोच. आणि त्याची बायको."

इथं आम्ही दोघी मिळून पुण्यातल्या माणसांना थोडं बोललो. मग आठवलं की थोरला हिंजवडीला आहे. विषय बदलला.

पण अक्का सोडतील तर ना. "बाई, समदं खरं. पर भोरला गजबज कुठं हाय? रातच्याला नवाला सामसूम. सूनबाई काय करंल? भिताडं बघत बसंल?"

आणि हे खरं होतं. भोर हे तालुक्याचं गाव आहे, सुट्टीचं नव्हे. दिवसा बाजार भरलेला, खतं, बियाणं, भांडी, कापड, यष्टीचा स्टँड. संध्याकाळी सगळं बंद. उलट, फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याला शामोनी नावाचं गाव आहे. १७८६ मध्ये तिथून मों ब्लाँ पहिल्यांदा सर झाला. १९२४ मध्ये हिवाळी ऑलिंपिक तिथंच पहिल्यांदा झालं. दिवसा डोंगर आणि रात्री उजेड, दोन्ही एका गावात. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला तेच, १९८८ मध्ये जवळच्या पुलावरून पैसे घेऊन दोरीनं उड्या मारू द्यायचा धंदा सुरू झाला आणि आता गाव असल्याच धाडसांवर चालतं. आपल्याकडं दिवस एका गावात आहे आणि संध्याकाळ दुसऱ्या गावात.

"मग दोन्ही जोडून घ्यायचं," तात्या एकदम म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"भोरहून मांढरदेवीचा घाट, खाली वाई. वाईतनं वर पाचगणी. खंबाटकी न्हाय, काळूबाईचं दर्शन वाटेत. आमी बैलगाडीनं गेलोय त्या रस्त्यानं, आता डांबरी हाय."

आणि मिटलं. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी मिळून जो कार्यक्रम ठरला, तो असा. दिवाळीनंतर, भाताची कापणी उरकली की. पहिले दोन दिवस भोर. एक दिवस रोहिडा, एक दिवस रायरेश्वर, विहीणबाईंना बनेश्वर. भाच्यानं पहाटे उठून राजगड करायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. वर मुक्कामाचा विचार आलाच तर खाली गावात परवानगीचं विचारून मगच. मग मांढरदेवीवरून वाईत उतरून तीन दिवस पाचगणी. थोरल्यानं उडायचं, सूनबाईंनी बाजार करायचा, नातवानं घोड्यावर बसायचं, विहीणबाईंनी टेबललँडवर खुर्ची टाकून सगळ्यांना नावं ठेवायची. भाच्याचं पॅराग्लायडिंगवर समाधान होणार नसेल तर त्यानं पुढच्या मे महिन्यात मनालीचा बेसिक कोर्स करावा, सव्वीसच्या सव्वीस दिवस. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या पोरांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट केलं, तीही आधी याच सह्याद्रीत घसरून घसरून शिकली होती.

"पर फोनवर हे कोन टाकनार?" अक्कांनी विचारलं. "थोरला म्हनंल, आईनं कुंपणावर ठरवलं."

"सूनबाईंना सांगा. त्यांनी टाकलं की झालं."

"ते खरं. सूनबाईचं कोन मोडत न्हाय."

एवढ्या गप्पांतून जे निघालं, ते वाचणाऱ्यांनीही घ्यावं म्हणून एका दमात सांगते. डोंगरातलं गाव निवडताना आधी ठरवा कोण कोण येणार, आणि त्यातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला दिवसभर तिथं काय करता येईल. मग महिना ठरवा, कारण पाऊस, वारा आणि बर्फ तुमच्या रजेकडं बघून येत नाहीत. मग रस्ता, दवाखाना आणि वाचवायला येणारी माणसं यांची चौकशी करा. उडवणाऱ्याकडं, पाण्यात सोडणाऱ्याकडं नोंदणीचा कागद मागा, तो नाही म्हणाला तर उलटं फिरा. हाटेल सगळ्यात शेवटी. या चार प्रश्नांवर मनाली उतरलं तर जरूर जा, ते गाव मोठंच आहे. पण तुमच्या घरापासून दोन तासांवर असं गाव असेल, तर लांबचं तिकीट काढायच्या आधी तिथं एकदा जाऊन या.

आणि आमच्या बाजूला आलात तर दोनच गोष्टी करा. गुंजवण्यात, वेल्ह्यात, रायरेश्वरावर जेवलात तर भाकरीच्या दरात घासाघीस करू नका. आणि प्लॅस्टिकची जी बाटली भरून वर नेली, ती रिकामी झाली तरी खाली आणा. रिकामी बाटली भरलेलीपेक्षा हलकीच असते.